झाडून दिलेलं घर

ऑनसाईटला आलं की पहिल्या वीकएंडला झोप, दुसऱ्याला धुणं आणि तिसऱ्याला 'आता काय?' हे ठरलेलं. इस्तंबूलमधला माझा तिसरा शनिवार. काराक्योयच्या धक्क्यावर बोटीत बसलो, छोट्या काचेच्या पेल्यात चहा घेतला आणि तो संपेपर्यंत काडीक्योय आलं. म्हणजे युरोपात घेतलेला चहा आशियात संपवला! इथले लोक रोज ऑफिसला असेच जातात, त्यांना त्याचं काहीच नाही. बॉस्फरस सर्वांत अरुंद जागी जेमतेम ७०० मीटर आहे. आणि तुर्कस्तानचा युरोपातला तुकडा सगळा मिळून ३ टक्के. उरलेला देश म्हणजे अनातोलिया. वर काळा समुद्र, खाली टॉरस पर्वत आणि मधे उंच, कोरडं पठार.

बोटीतच दादाची मेल वाचली. गावच्या घराला गिऱ्हाईक मिळालंय, तुझं काय ते कळव. आजी गेल्यापासून घर बंदच आहे. 'कळवतो' एवढंच लिहिलं आणि रविवारी पहाटे कोन्याची गाडी पकडली.

कोन्याच्या पुढे सपाट मैदानात चातालहुयुक आहे. नावाचा अर्थ दुबेळक्याची टेकडी. खरं तर ती टेकडी नाहीच. साधारण ९००० वर्षांपूर्वी लोक इथे राहायला आले आणि हजारेक वर्षं घरावर घर बांधत राहिले, त्याचा हा ढिगारा. १९५८ मध्ये जेम्स मेलार्टला तो सापडला, पुढे १९९३ पासून पाव शतक इयान हॉडरच्या टीमने खणला.

गाव कसलं, तर मधमाशांचं पोळं. घराला घर चिकटलेलं, मधे रस्ता नाही. गच्चीवरून चालायचं आणि छतातल्या भोकातून शिडीने घरात उतरायचं. भिंतींना पांढऱ्या मातीचा गिलावा, तोही पुन्हा पुन्हा दिलेला, काही घरांत शेकडो थर. ते वाचलं आणि एकदम आजीचं सारवण आठवलं. दर सणाला, न चुकता. माणूस गेलं की त्याला घरातल्याच जमिनीखाली पुरत आणि वर झोपत. आपल्याला कसंतरी होतं ऐकून, पण विचार केला तर त्यांची आजी घरातच असायची.

मला खरं धरून ठेवलं ते पुढच्या गोष्टीने. हे लोक घर मोडायचेही स्वतःच. कच्च्या विटांचं घर म्हातारं झालं की आधी ते रिकामं करून स्वच्छ करायचे. लाकडी खांब बऱ्याचदा काढून घ्यायचे. मग भिंती वरून पाडून आत भराव घालायचा आणि त्याच आराखड्यावर नवीन घर उभं करायचं. असे १८ थर सापडलेत. घर सोडायचीही एक रीत होती म्हणा ना.

परतीच्या गाडीत दादाला मेल लिहिली. 'विकूया. पण किल्ली द्यायच्या आधी चार दिवस दोघं जाऊ. घर स्वतः रिकामं करू, झाडून, सारवून देऊ. आणि माजघरातला खांब गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, तो मला हवाय.'

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'वन बीएचकेत ठेवणार कुठे?'

असो. बघू.