दुष्काळानंतरचा विठ्ठल

व्याख्यान संपले की कोणीतरी मागे रेंगाळते. घरात आजारपण असते, मुलाची नोकरी गेलेली असते, नाहीतर काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेलेले असते. प्रश्न एकच असतो : अशा दिवसांत देवावर भरवसा ठेवायचा कसा? मी आयुष्यभर तुकोबांची गाथा शिकवत आलो. म्हणून मी १६३०च्या सुमारासच्या देहूबद्दल बोलू लागतो.

त्या वर्षांत दख्खन आणि गुजरात होरपळून निघाले. शाहजहानच्या दरबारातील अब्दुल हमीद लाहोरीने ‘बादशाहनाम्या’त या दुष्काळाची नोंद केली आहे. भाकरीसाठी स्वतःला विकायला निघालेली आणि तरीही गिऱ्हाईक न मिळालेली माणसे त्यात आहेत. पिठात मिसळलेली हाडांची भुकटी आहे. तुकोबा तेव्हा विशी ओलांडलेले. घरी महाजनकी, दुकान, सावकारी. आईवडील आधीच गेलेले. दुष्काळात पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, व्यापाराचे दिवाळे निघाले. स्वतःची हकीकत सांगणाऱ्या अभंगांत त्यांनी हे लपवलेले नाही. पैशाबरोबर पत गेली, लोकांपुढे तोंड दाखवण्याची लाज वाटू लागली, हेही ते सांगतात.

पुढचा क्रम मला फार मोलाचा वाटतो. साक्षात्कार लगेच येत नाही. आधी येते ती घराण्याच्या विठ्ठलमंदिराची डागडुजी. देऊळ मोडकळीला आले होते, ते नीट करावे असे त्यांच्या मनाने घेतले. मग एकादशीची कीर्तने, तीही सुरुवातीला मन लागत नसताना. मग संतांची वचने पाठ करणे. काळजात भीती असतानाच हात कामाला लागले होते. श्रद्धा मनात पक्की झाल्यावरच पाऊल उचलायचे, असे मानणाऱ्यांनी हा क्रम पुन्हा पुन्हा वाचावा.

याच काळातली परंपरेने जपलेली एक हकीकत आहे. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते घरात होती. तुकोबांनी धाकटे बंधू कान्होबांना त्यांचा निम्मा वाटा दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. भावाच्या वाट्याला हात लावला नाही. आपला भरवसा त्यांनी दुसऱ्याच्या पोटावर लादला नाही, ही गोष्ट कीर्तनांतून फारशी सांगितली जात नाही. दुष्काळातून वाचलेल्या कुळांना सर्वांत मोठी धास्ती सावकाराची होती. ज्याचे स्वतःचे घर ओस पडले होते, त्याने ती धास्ती काढून टाकली. देवावर विश्वास म्हणजे काय, हे मला कुठल्याही भाष्यापेक्षा या कृतीतून अधिक कळले.

भरवसा ठेवणाऱ्याने तक्रार करू नये, असे काही भाविक मानतात. गाथेत तसे काही नाही. तिथे तुकोबा विठ्ठलाला निष्ठुर म्हणतात आणि थकलेली बाकी मागावी तसे त्याच्याशी भांडतात. ज्याच्यावर विसंबायचे त्याच्याशीच माणूस असे भांडतो. म्हणून रडणाऱ्या माणसाला ‘श्रद्धा कमी पडली’ असे सुनावणे मला क्रूर वाटते.

भरवसा आणि बेफिकिरी यांतला फरक वारकऱ्यांना ठाऊक आहे. २०२० साली साथीमुळे आषाढीची पायी वारी झाली नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या मंडळींसोबत एसटीने पंढरपूरला गेल्या. लाखोंनी घरीच हरिपाठ म्हटला. कित्येकांना हुरहुर लागली असेल, पण दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून वारी करायची नाही, हे त्यांनी मानले. त्या वर्षीची ती घरातली वारी मी पायी वारीइतकीच खरी मानतो.

भीती जात नाही. तुकोबांचीही एका दिवसात गेली असेल, असे मला वाटत नाही. पण भ्यालेला माणूस धान्य दडवू शकतो, तसा शेजाऱ्याचे दारही ठोठावू शकतो, आणि निवड तिथे असते. लक्ष्मीपूजनाला यंदा नवी वही पुजाल, तेव्हा आधी जुनी वही चाळा. ज्याला खरोखर फेडता येणार नाही असे एखादे नाव तिच्यात असेल, तर ते खोडा आणि त्या माणसाला पाडव्याच्या आत तसे कळवा.