पहिली पिन

लांबट काळी आयसी हातात आली की माझी नजर आधी खाच शोधते. एका टोकाला अर्धवर्तुळासारखी खाच असते, कधी कोपऱ्यात नुसता बारीक ठिपका. खाच वरच्या बाजूला धरली की डावीकडची सगळ्यात वरची ती पहिली पिन. तिथून मोजत खाली उतरायचं आणि उजवीकडून वर चढायचं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर हे काढून दाखवलं होतं. तेव्हा शिकलेलं बरंच काही आज कालबाह्य झालंय, हे मात्र रोज उपयोगी पडतं.

दोन ओळींत पाय असलेली ही बांधणी फेअरचाइल्ड कंपनीत १९६४ साली आली. शेजारच्या दोन पिनांमध्ये २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराला नुसतं ‘चौदा पिनचा बेस’ म्हटलं की तो बरोबर तोच काढून देई. सॉकेट हा शब्द आमच्या पुस्तकात होता, बाजारात सगळे ‘आयसी बेस’च म्हणत.

नवी आयसी बेसमध्ये सहजासहजी जात नाही. बोर्डाच्या छिद्रांत घातल्यावर धरून राहावेत म्हणून तिचे पाय मुळातच थोडे फाकलेले असतात. ती आडवी धरून एकेक बाजू टेबलावर हलकेच दाबायची, पाय समांतर होईपर्यंत. मग एका ओळीच्या पिना भोकांवर नुसत्या टेकवायच्या, दुसरी ओळ बोटाने किंचित आत घ्यायची, आणि डोळा बोर्डाच्या पातळीला आणून एकेक पिन पाहायची. दाबायचं त्यानंतर. घाई केली तर एखादा पाय आयसीच्या पोटाखाली दुमडतो, आणि वरून सगळं ठीक दिसतं. असा दुमडलेला पाय माणसाला तासन्‌तास मल्टिमीटर घेऊन बसवतो. उलटी बसवली तर गोष्ट आणखी वाईट. चौदा पिनांच्या बहुतेक लॉजिक आयसींना पुरवठा चौदाव्या पिनवर आणि ग्राउंड सातव्यावर असतं. अर्धं वळण फिरवलं की दोन्ही नेमके एकमेकांच्या जागी जातात आणि आयसी भाजते.

आमच्या ८०८५ च्या किटवर प्रोसेसरला चाळीस पाय होते. शेजारी ईप्रॉम, तिच्या पाठीवर क्वार्ट्‌झची खिडकी. ती पुसायला अतिनील दिव्याखाली ठेवावी लागे, म्हणून वारंवार काढावी-घालावी लागे. प्रोग्रॅमरवर तिच्यासाठी दांडीचा बेस होता. दांडी उचलली की आयसी अलगद सुटे.

पुढे भोसरीत मशीनची कंट्रोल कार्डं दुरुस्त करताना बेसचं दुसरं रूप कळलं. दिवसभर तापून आणि रात्री थंड होऊन आयसी हळूहळू वर सरकते. १९८० साली आलेल्या ॲपल थ्री संगणकाचं हेच दुखणं प्रसिद्ध आहे. तो थोडा उचलून टेबलावर सोडून द्या, असा उपाय तेव्हा सांगितला जाई. आम्ही कार्ड आलं की आधी प्रत्येक आयसी अंगठ्याने दाबत असू. पावसाळ्यात पिनांवर काळपट थर चढे. तेव्हा आयसी काढून, पाय पुसून, परत बसवायची. कितीतरी कार्डं एवढ्यावरच चालू झाली.

बेस म्हणजे जास्तीचा जोड, आणि प्रत्येक जोड कधीतरी दगा देतो. उत्पादकांनी तो काढून टाकला आणि चिपा थेट बोर्डावर चिकटवल्या, हे मला पटतं. तरीही आयसी बसवण्याआधी बेस लावणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. हा भाग एक दिवस बिघडेल आणि कुणीतरी तो बदलेल, एवढा विचार त्याने केलेला असतो.

आता भाचीच्या आर्डुइनो ऊनोवर तोच अठ्ठावीस पिनांचा बेस आहे आणि त्यात एटीमेगा ३२८पी. तिने पहिल्यांदा ती चिप काढली तेव्हा खाच कुठल्या बाजूला होती ते आधी कागदावर काढून ठेवलं. मला फार बरं वाटलं.

ऊनो दोन प्रकारची मिळते, चिप बेसमध्ये असलेली आणि बोर्डावरच डकवलेली. शाळेसाठी ती मागवणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: बेसवाली घ्या. बूटलोडर घातलेल्या एक-दोन जादा चिपा जवळ ठेवा. आणि एखादी जळाली, तर नवी मुलांनाच बसवू द्या.