गेम विकत घेतला, पण किल्ली दुकानदाराकडेच

गेमचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, पोरं वाया चालली. दोन, बंदी घाला. वीसेक वर्षं तालुक्याच्या गावी बातमीदारी करतोय. या विषयावर आलेली निवेदनं, भाषणं, प्रेसनोट सगळ्या याच दोन वाक्यांच्या. आज तिसरी गोष्ट लिहितोय. ती ग्राहकाची आहे. पोस्ट मोठी आहे, पण घरात बंदुकीचे गेम खेळणारं कुणी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. फर्स्ट पर्सन शूटर म्हणजे असा गेम, ज्यात पडद्यावर फक्त बंदूक धरलेले हात दिसतात आणि आपण त्या पात्राच्या डोळ्यांनी बघतो. १९९३ साली 'डूम' आला, १९९६ ला 'क्वेक'. १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी 'हाफ-लाइफ' या गेमवर हौसेनं काम करून 'काउंटर-स्ट्राइक' तयार केला, आणि पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीनं तो बाजारात आणला. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी तो सायबर कॅफेत पाहिलाय. आठ-दहा कॉम्प्युटर एकमेकांना वायरीनं जोडलेले, आणि कॅफेवालाच एका मशीनवर सर्व्हर चालू करायचा. बाहेरचं इंटरनेट गेलं तरी आतला खेळ चालूच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आजचा बाजार बघा. 'काउंटर-स्ट्राइक' अजून आहेच. त्याच्या नव्या आवृत्तीवर एका वेळी दहा लाखांहून जास्त लोक खेळताना दिसतात. शिवाय 'कॉल ऑफ ड्यूटी', 'व्हॅलोरंट', 'एपेक्स लेजंड्स', 'ओव्हरवॉच', 'रेनबो सिक्स'. यातले बरेचसे फुकट. या गर्दीत २३ ऑगस्ट २०२४ ला सोनीनं 'कॉनकॉर्ड' नावाचा गेम आणला. पाच विरुद्ध पाच, किंमत ४० डॉलर, मागे कित्येक वर्षांची मेहनत. स्टीम या कॉम्प्युटरवरच्या गेमच्या दुकानात तो एका वेळी खेळणाऱ्यांचा सर्वात मोठा आकडा किती गेला? ६९७. आमच्या गावच्या जत्रेत कुस्तीच्या फडाला याहून जास्त माणूस असतं. ६ सप्टेंबरला, म्हणजे चौदा दिवसांत, गेम बंद. सोनीनं सगळ्यांचे पैसे परत केले, हे नोंदवायला हवं. पण ऑक्टोबर संपायच्या आत तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओही बंद करत असल्याचं जाहीर झालं.

हे असं का होतं? गेम वाईट असतो म्हणून दरवेळी नाही. आपल्याकडच्या वडापच्या जीपचं गणित आठवा. जीप भरल्याशिवाय सुटत नाही. तुम्ही जाऊन बसलात, आणखी दोघं आले, अर्धा तास झाला. शेजारची जीप भरत आली की तुम्हीही उतरून तिच्यात जाता. तुम्ही उतरलात की उरलेले दोघंही उतरतात. ड्रायव्हर चांगला, गाडी नवी, पण सुटलीच नाही. या गेमचंही तसंच. पाच विरुद्ध पाच म्हणजे दहा सीट. त्यात दहाही जण साधारण सारख्या तयारीचे हवेत, नाहीतर नवख्याला जुना माणूस उभाच राहू देत नाही. ते सर्व्हरपासून फार लांबचेही नकोत, नाहीतर गोळी झाडल्यावर लागायला उशीर होतो. म्हणून एका वेळी दहा माणसं पुरत नाहीत, हजारो लागतात. ती नसली की खेळाडू वाट बघत बसतो, कंटाळतो आणि जुन्या गेमकडे परत जातो. जुन्या गेममध्ये त्याचे मित्र असतात, हाताला सवय झालेली असते, पैसे देऊन घेतलेले बंदुकीचे रंग आणि कपडे असतात. संध्याकाळी त्याच्याकडे मोजून दीड-दोन तास. ते आधीच वाटले गेलेले.

म्हणून यादी वाढत जाते. 'बॅटलबॉर्न' मे २०१६ मध्ये आला आणि त्याच महिन्यात 'ओव्हरवॉच' आला, संपला विषय. 'लॉब्रेकर्स' ऑगस्ट २०१७ मध्ये आला, सप्टेंबर २०१८ मध्ये सर्व्हर बंद. सेगा कंपनीचा 'हायनाज' तर २०२३ मध्ये चाचणी झाल्यावर विक्रीला यायच्या आधीच रद्द झाला. यूबीसॉफ्टचा 'एक्सडिफायंट' मे २०२४ मध्ये आला, जून २०२५ मध्ये गेला, आणि त्याच्यापायी सॅन फ्रान्सिस्को आणि ओसाका इथले स्टुडिओ बंद झाले.

तुम्ही म्हणाल, धंदा आहे, बुडणारच. मान्य. आमच्या गावातली एक टॉकीज बुडाली, दोन साप्ताहिकं बुडाली. पण साप्ताहिक बुडालं तरी त्याच्या फायली वाचनालयात आहेत. वाळवी लागली असेल, पण १९८०च्या दशकातल्या दुष्काळाची बातमी शोधायला मी आजही त्या उघडतो. मालकानं छापखाना विकला म्हणून माझ्या घरातला अंक कोरा होत नाही. 'बॅटलबॉर्न'चं काय झालं पाहा. त्यात एकट्यानं खेळायची गोष्टही होती, दुसरा खेळाडू लागायचाच नाही. पण तीसुद्धा कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय उघडत नव्हती. ३१ जानेवारी २०२१ ला सर्व्हर बंद झाले आणि कपाटात ठेवलेली, पूर्ण पैसे मोजलेली डिस्क कवडीमोल झाली.

हे सगळं लांबचं वाटत होतं. मग भाच्याच्या बाबतीत घडलं. डिप्लोमाला आहे. गणपतीत मंडपवाल्याकडे काम करून मिळालेल्या पैशातून त्यानं असाच एक गेम घेतला होता, दीड हजाराच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रश्न एकट्या कंपनीचा नाही. गेमवर त्याची पाच जणांची टीम जमली होती. एक लातूरचा, एक कराडचा, दोघं पुण्यात. एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेले नाहीत, पण रोज रात्री नऊला हजर. एक दिवस सूचना आली की अमुक तारखेनंतर सर्व्हर बंद. पैसे परत नाहीत. ती तारीख उलटल्यावर मी त्याला विचारलं, "डिलीट केलास का?" तो म्हणाला, "मामा, डिलीट कशाला करू? आहे की कॉम्प्युटरवर. साठ जीबी जागा धरून बसलाय. फक्त चालत नाही."

आम्ही दोघांनी मिळून तो करार वाचला, ज्याच्याखाली आपण सगळे न वाचता 'मान्य' दाबतो. त्यात सरळ लिहिलं होतं की गेम तुम्हाला विकलेला नाही, वापरायची परवानगी दिली आहे, आणि ती कंपनी कधीही काढून घेऊ शकते. दुकानाच्या पानावर मात्र मोठ्या अक्षरात 'खरेदी करा' असंच बटण. मी याची बातमी केली. डेस्कवरून फोन आला, "गेमच्या व्यसनाची काही केस असेल तर बघा, ही बातमी आपल्या वाचकाची नाही." भाचा आपला वाचक नाही, असा त्याचा अर्थ. वर्गणी त्याच्या घरातही भरली जाते.

जगात यावर हालचाल सुरू आहे. यूबीसॉफ्टचा 'द क्रू' नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ साली आला आणि ३१ मार्च २०२४ ला कायमचा बंद झाला. त्यानंतर रॉस स्कॉट या युट्यूबरनं 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची मोहीम उघडली. युरोपीय संघात नागरिकांनी मांडलेल्या प्रस्तावाला दहा लाख सह्या लागतात. जुलै २०२५ मध्ये या मोहिमेनं तो आकडा ओलांडला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू आहे. डिजिटल वस्तूची फक्त परवानगी मिळणार असेल तर तसं स्पष्ट सांगा, नुसतं 'खरेदी करा' म्हणून विकू नका, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे? सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली, तो देशाच्या सुरक्षिततेचा मुद्दा होता. पुढे 'बीजीएमआय' आला, जुलै २०२२ मध्ये दुकानांतून गायब झाला, २०२३ मध्ये परत आला. या सगळ्या काळात पोरांनी घातलेल्या पैशाचं काय, हा प्रश्न विधानसभेत तर सोडा, चहाच्या टपरीवरही मी ऐकला नाही. आणि हा आता फक्त परदेशी कंपन्यांचा विषय राहिलेला नाही. पुण्याच्या सुपरगेमिंगनं 'मास्कगन' केला, ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' आणला. आपली पोरं असे गेम बनवतायत याचा आनंद आहे. म्हणूनच नियम आत्ताच नीट झालेले बरे.

कायदा अगदीच कोरा नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही कल्पना आहे. एका बाजूनं, रास्त कारणाशिवाय, एकतर्फी करार संपवण्याचा हक्क स्वतःकडे ठेवणं हे त्यात येतं. अशी तक्रार राज्य आयोगाकडे करता येते. आता दीड हजाराच्या गेमसाठी कोण पोरगं राज्य आयोगात जाणार? तेच तर कंपन्यांना माहीत आहे.

कंपनीची बाजूही ऐकू. सर्व्हरला रोज खर्च येतो. चीटिंग करणारे रोखायला माणसं लागतात. गाणी, गाड्या वापरायचे हक्क मुदतीचे असतात. खेळणारेच उरले नाहीत तर किती दिवस घालायचे पैसे? बरोबर आहे. कायम चालवा असं कुणी म्हणतच नाही. मागणी साधी आहे. विकतानाच सांगा की किमान अमुक तारखेपर्यंत चालेल. एकट्यानं खेळायचा भाग सर्व्हरवाचून चालू द्या. बंद करायच्या आधी थोडेच दिवस घेतला असेल त्याचे पैसे परत करा. आणि जाताना खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल एवढी सोय ठेवून जा. हे अशक्य असतं तर आमचा तो कॅफेवाला कसं करत होता? 'डूम'चा मूळ कोड आयडी सॉफ्टवेअरनं १९९७ मध्ये खुला केला, 'क्वेक'चा १९९९ मध्ये. दोन्ही गेम लोक आजही खेळतात, त्यावर नवं काही बनवतात.

ग्राहक पंचायतीची चळवळ याच महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात उभी राहिली. तेव्हा प्रश्न तेल-साखरेच्या वजनमापाचा होता. आज घराघरातली पोरं जे विकत घेतात त्याचं वजन तराजूवर दिसत नाही, एवढाच फरक. मी स्थानिक ग्राहक संघटनेला हे सगळं लेखी देणार आहे. भाच्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवतोय. काय उत्तर येतं ते इथेच लिहीन.

तुमच्या घरात असं घडलं असेल तर खाली गेमचं नाव, घेतल्याची तारीख, किंमत आणि बंद झाल्याची तारीख एवढंच लिहा. बिल किंवा पावतीचा स्क्रीनशॉट असेल तर जपून ठेवा. गेम खेळणं चांगलं की वाईट यावर आपण नंतर निवांत भांडू.