दादा, गाडी काढण्याआधी

प्रिय दादा,

परवा फोनवर तू बोरामणीजवळ कट मारून गेलेल्या कारवाल्याची गोष्ट सांगितलीस. ‘इटकळपर्यंत सोडला नाही त्याला,’ म्हणालास. मागे कांद्याच्या गोण्या, पुढे मध्यरात्रीचा हैदराबाद रस्ता आणि तू त्या कारच्या बंपरला चिकटून. तेव्हापासून मला नीट झोप नाही. समोरासमोर बोलले असते तर तू विषय बदलला असतास, म्हणून लिहिते आहे.

तू रागीट नाहीस. घरात तुझा आवाज चढलेला मला आठवत नाही. मग हा राग येतो कुठून? मी त्या दिवसाचा हिशेब मांडून पाहिला. मार्केट यार्डाशी गाडी तू सकाळीच लावली होतीस. कांद्याची आवक वाढली की यार्डाबाहेर गाड्यांच्या कशा रांगा लागतात, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. लिलाव, तोलाई, भराई. हमाल मोकळे होईपर्यंत दुपार उलटते, बिल्टी हातात पडेपर्यंत रात्र होते. मधे केबिनमध्ये आडवं व्हावं तर बाहेरून थाप पडते, ‘गाडी पुढं घे’. या थांबण्याचे, हॉल्टिंगचे पैसे तुला मिळत नाहीत. वर निघताना हुंडेकरी सांगतो, माल कच्चा आहे, बाजाराच्या वेळेला पोचलाच पाहिजे. वेळ घालवला सगळ्यांनी मिळून आणि भरून काढायचा एकट्या ड्रायव्हरने, तोही रस्त्यावर. बोरामणीला पोचलास तेव्हा तुझ्या गाडीत राग आधीच भरलेला होता. कारवाला नुसता समोर आला.

1997 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की सलग 17 तास जागलेल्या माणसाचे हात आणि नजर रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखे चुकतात. आपल्या मोटार वाहन कायद्यात 0.03 टक्क्यांच्या वर गेलं की गुन्हा होतो. तू दारूला शिवत नाहीस, नाक्यावरचं यंत्र तुला कधी पकडणार नाही. पण त्या रात्री तुझी अवस्था त्या मर्यादेपलीकडचीच होती. झोप अपुरी असली की आधी सबुरी संपते. एरवी ज्या कटकडे तू बघितलंही नसतंस, तो अपमान वाटायला लागतो आणि मग खुन्नस.

हे कायदा करणाऱ्यांना कळत नव्हतं असं नाही. 1961 च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरचा दिवस एरवी 8 तासांचा ठरवला, लांबच्या मार्गांवर फार तर 10. आणि 5 तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत, असाही नियम होता. तो नंतर काढून टाकला. आता तुझा क्लीनरही गेला. ‘जाऊ दे ना उस्ताद’ म्हणायला शेजारच्या सीटवर कुणी नसतं. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

स्वारगेट तू विसरला नसशील. 25 जानेवारी 2012. आपल्याच जिल्ह्यातला एसटी चालक संतोष माने आगारातली बस काढून पुण्याच्या रस्त्यांवर सुसाट सुटला आणि 9 जणांचा जीव गेला. मन ठिकाणावर नसल्याचा बचाव न्यायालयाने मानला नाही. फाशी सुनावली गेली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली. त्याने रात्रीची ड्युटी बदलून मागितली होती आणि ती मिळाली नव्हती, हे खटल्यात पुढे आलं. ड्युटी बदलून मिळाली नाही म्हणून माणसं चिरडणं कशानेही समजून घेता येत नाही आणि तुला मी त्याच्या रांगेत बसवत नाही. पण त्याची तक्रार होती आगारातल्या टेबलाशी आणि मेले ते रस्त्यावरचे, ज्यांनी त्याचा ड्युटीचा तक्ता कधी पाहिलाही नव्हता. इटकळच्या वाटेवर त्या कारमध्ये मागच्या सीटवर कोण झोपलं होतं, तुला माहीत आहे का? एखादं लहान मूल असेल.

आणि सध्या गाळपाचा हंगाम. जिल्हाभर उसाच्या ट्रॉल्या, एकीमागे एक जोडलेल्या, कित्येकींच्या मागे लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. भरलेली गाडी 60 ऐवजी 80 ने असली तर ब्रेक लागल्यावर थांबायला जवळजवळ पावणेदोन पट अंतर लागतं, हे तू मला शिकवायचंस. कारवाल्याच्या टेललाइटवर खिळलेल्या डोळ्यांना अंधारातली ट्रॉली दिसत नाही, दादा.

जानेवारी 2024 आठव. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघात करून पळणाऱ्या चालकासाठी ठेवलेल्या 10 वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्ध देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. पंपांवर रांगा लागल्या, सरकारला बोलणी करावी लागली, आणि 1 जुलैला संहिता लागू झाली तेव्हा 106 (2) हे कलम बाजूला ठेवलं गेलं. त्या कलमाबद्दल माझं मत तुझ्याहून वेगळं आहे. जखमीला रस्त्यात टाकून पळणाऱ्याला माफी असू नये. पण तेव्हा राग कुणावर आहे हे तुम्हाला नेमकं ठाऊक होतं आणि गाडी बंद करून तुम्ही तो दाखवलात. मग यार्डातल्या फुकटच्या थांबण्याबद्दल, बुडालेल्या हॉल्टिंगबद्दल, गेलेल्या क्लीनरबद्दल तुम्ही सगळे मिळून एकदाही का बोलत नाही? मालकासमोर मान खाली आणि अनोळखी कारवाल्यासमोर डिप्पर मारत छाती पुढे, हे मला पटत नाही. तुझ्यासारख्या माणसाला ते शोभतही नाही.

तू कमावतोस त्यावर घर चालतं, मालकाशी वाकडं घेणं सोपं नाही, हे मी जाणते. म्हणून मोठं काही मागत नाही. यार्डात दिवसभर उभा राहिलास तर त्या रात्री निघू नकोस. हुंडेकऱ्याला सरळ सांग, चार तास झोपून निघेन. भाडं गेलं तर जाऊ दे, तेवढी खोट मी आणि वहिनी मिळून भरून काढू, आमचं बोलणं झालं आहे. गाडी लागल्याची आणि सुटल्याची वेळ वहीत लिहून ठेव, बाकीच्या ड्रायव्हरांनाही लिहायला सांग, आणि त्या वह्या घेऊन सगळे मिळून मालकांकडे आणि बाजार समितीकडे जा. वाटेत कुणी कट मारला तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढ आणि त्याला जाऊ दे. पुढची खेप कधी आहे ते कळव, आणि झोप झाल्याशिवाय गाडी काढू नकोस.

तुझी धाकटी बहीण