नाथसागरावरची संध्याकाळ

पैठणचा नाथसागर वाऱ्यावर समुद्रासारखा उसळतो, हे छत्रपती संभाजीनगरात वाढलेल्या आम्हांस त्या संध्याकाळी कळले. थोरल्या बंधूंच्या मासेमारीच्या मोटरबोटीचे इंजिन काठापासून दूर बंद पडले. किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज! धाकट्याने जपमाळ सुरू केली. आम्ही वल्हवत अंधारात काठ गाठला.

दोष नव्या बॅटरीचाच, असे ठरवून ती विकणाऱ्या तरुणास आम्ही दुकानात, चारचौघांत, नको ते बोललो. तो आमच्याच धर्मग्रामातला. उत्तर न देता तो पैठणला आला. बॅटरीवर मीटर लावला : १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग किल्ली फिरवायला लावून मोजले. बॅटरीवर ११, स्टार्टरपाशी जेमतेम ८! मधले तीन व्होल्ट ऋण तारेच्या जोडातच, हिरव्या गंजाखाली, खर्ची पडत होते. उन्हाळ्यात बोट रंगवताना तो जोड सैल करून पुन्हा आवळायचे विसरलो होतो आम्हीच.

त्याने खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने गंज घासला, जोड कोरडा करून आवळला, वर व्हॅसलीन चोपडले. इंजिन लगेच धडधडले. पैसे त्याने घेतले नाहीत.

रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही त्याची क्षमा मागितली, तीही चारचौघांत.