किड्याची पण नोंद

मुलांनो, डिसेंबर 2024 मध्ये येडशीच्या रामलिंग अभयारण्यात एक वाघ आला, हे तुम्ही ऐकलंच असेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत आला. कॅमेऱ्यात त्याचा फोटो मिळाला, अंगावरचे पट्टे जुन्या फोटोंशी जुळवले आणि पाहुणा कुठला ते कळलं. पेपरात केवढ्या बातम्या!

आमच्या चौथीच्या वर्गात हीच चर्चा चालली होती. तेव्हा एकानं विचारलं, "बाई, किड्याची पण अशी नोंद करत्यात का?" वर्ग खो-खो हसला. मला मात्र प्रश्न फार आवडला.

करतात ना! हुमणीचा भुंगेरा, धान्यातला सोंडकिडा, काजवा हे सगळे एकाच गणातले. पाठीवर दोन कडक पंखांचं झाकण, ही त्यांची खूण. जगात त्यांच्या सुमारे चार लाख जाती नोंदल्या गेल्या आहेत. एखादी जात एखाद्या भागात पहिल्यांदा सापडली, की शास्त्रज्ञ तसं छापून प्रसिद्ध करतात. कुठं, कोणत्या तारखेला, कशाखाली सापडली, सगळं लिहितात. इथं वाघासारखे पट्टे कामाला येत नाहीत. पायांवरचे काटे, मिशांची पेरं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात. पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे. तिथं टाचणीला लावून जपलेल्या किड्यांशी ताडून बघता येतं. (त्यापेक्षा वह्या तपासणं सोपं!)

यात एक गंमत आहे. वाघ नव्यानं आला. किडा बहुतेक वेळा तिथलाच असतो, पिढ्यान्‌पिढ्या. बघायला कुणी गेलेलं नसतं, एवढंच. कितीतरी बारके किडे वाळक्या लाकडात, सालीखाली, पाचोळ्यात राहतात. लाकूड सरपणाला गेलं, पाचोळ्याला वणवा लागला, की तेही संपले. तिथं कोण राहत होतं, हे सांगायला कागदाचा कपटासुद्धा मागं राहत नाही.

म्हणून रामलिंगला सहल नेली तेव्हा सोनकिडे ठेवायच्या काड्यापेट्या घरीच ठेवायला लावल्या. अभयारण्यातून किडा आणायलाही परवानगी लागते. वही आणि पट्टी मात्र प्रत्येकाकडं. पडलेल्या फांदीच्या सालीखाली एक काळा भुंगेरा दिसला, ज्वारीच्या दाण्याहून लहान. पट्टी धरली, तीन मिलिमीटर. एकीनं पाय मोजले, एकानं चित्र काढलं. मग साल होती तशी झाकली.

वहीत तारीख आहे, जागा आहे, माप आहे. 'नाव' या शब्दापुढं त्या प्रश्न विचारणाऱ्या पोरानं लिहिलंय, "अजून कळायचंय". पेनानं नाही, पेन्सिलीनं.