नव्या रीडची दहा मिनिटे

सॅक्सोफोन पितळेचा, तरीही त्याची गणना काष्ठवाद्यांत होते. त्याचा नाद उमटतो तो मुखाशी बसविलेल्या एका पातळ रीडच्या कंपनातून. बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ साक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिस येथे या वाद्याचे पेटंट घेतले. रीड मात्र आजही बहुधा नळ नावाच्या उंच गवताची असते. दक्षिण फ्रान्समधील वार प्रदेश या नळासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या पेढ्यांवर ज्या बोरूने कीर्द-खतावणी लिहिली जाई, त्याच्याशी तिचे दूरचे नाते आहे.

सांगलीच्या एका कापडव्यापाऱ्यांनी बासष्टाव्या वर्षी दुकान थोरल्या मुलाकडे सोपवून हे वाद्य शिकावयास घेतले. कद्री गोपालनाथ यांची ध्वनिफीत ऐकल्यापासून ती इच्छा मनात राहिली होती. पहिल्याच दिवशी कोरडी रीड चढवून अण्णा दीड तास वाजवीत बसले. चौथ्या दिवशी ती चिरली.

"माल खराब निघाला," अण्णा म्हणाले.

"माल चांगला होता, अण्णा," त्यांच्याहून वयाने लहान असलेले शिक्षक म्हणाले, "तिला मुरायला वेळ मिळाला नाही."

मग त्यांनी रीत दाखविली. नवी रीड काही मिनिटे स्वच्छ पाण्यात ठेवावी. ओल लागताच तिचे टोक नागमोडी होते. पुरते भिजले की पुन्हा सरळ होते. तोवर थांबावे. मग सपाट बाजू माउथपीसवर टेकवून दोन्ही टोके जुळवावीत आणि लिगेचरचे स्क्रू बेताने आवळावेत. फार आवळल्यास रीड गुदमरते. पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटेच, तेही मधल्या सप्तकात, हळुवार वाजवावे. नंतर पुसून सपाट डबीत ठेवावी. दररोज थोडा वेळ वाढवावा. तीन-चार रीड आळीपाळीने वापरल्या, तर प्रत्येक अधिक दिवस टिकते.

अण्णा निमूटपणे ऐकत होते. धाकटा मुलगा बारावी होताच त्यांनी त्याला गल्ल्यावर बसविले होते. सकाळी नऊ ते रात्री नऊ. उधारीची वसुली पहिल्याच महिन्यात त्याच्या अंगावर टाकली आणि चुकल्यावर गिऱ्हाइकांसमोर बोलले. दोन वर्षांत तो पुण्यास नोकरीला गेला. "त्याच्यात व्यापाऱ्याचे पाणीच नाही," असे अण्णा सर्वांना सांगत.

दिवाळीस तो घरी आला. अण्णांनी नवी रीड भिजविली, दहा मिनिटे वाजविले आणि वाद्य खाली ठेवले.

"एवढ्यातच थांबलात, अण्णा?"

"नवी आहे. आजच ताण दिला, तर फुटेल." क्षणभर थांबून ते म्हणाले, "तुझ्या वेळी मला हे उमगले नव्हते."

मुलगा काही बोलला नाही. त्याने ती ओली रीड हलकेच पुसली आणि डबीत ठेवली.